तलफ आली की 'चक्कर मारून या' म्हणतात. व्हीलचेअरवर किंवा अंथरुणावर असताना विडी-सिगरेट कशी सोडावी?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

विडी-सिगरेट सोडण्याविषयी वाचायला पुष्कळ मिळते आणि त्यातले बरेचसे बरोबरही असते. तरी ते वाचताना माझ्यासारख्याची पंचाईत होते, कारण तो सगळा सल्ला चालत्याफिरत्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. तलफ आली की उठून एक चक्कर मारा, भरपूर पाणी प्या, जिथे ओढता ती जागा टाळा, सकाळी फिरायला जायला लागा. माझ्या पाठीच्या कण्याला छातीच्या दहाव्या मणक्यापाशी इजा झालेली आहे. बेंबीच्या खाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. मी घराच्या पुढच्या खोलीत व्हीलचेअरवर बसून मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. चक्कर मारायची तर उंबऱ्यावर फळी कोणाकडून तरी लावून घ्यावी लागते आणि परत येताना पुन्हा कोणाला तरी हाक मारावी लागते. दिवसातून दहा-बारा वेळा ते कोण करणार?

पाण्याचेही तसेच. मी दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढतो, आणि मूत्राशयात एका वेळी साधारण ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साठू देऊ नये असे आम्हाला शिकवलेले असते. प्रत्येक तलफेला पेलाभर पाणी प्यायलो तर ते वेळापत्रक कोलमडते, कपडे ओले होतात, आणि ओल्या बैठकीवर तासन्‌तास बसून राहिले की कातडी गेलीच म्हणून समजावे.

मी विडी सोडली ती बेडसोरमुळे. बैठकीच्या हाडावरची जखम काही केल्या भरेना, तेव्हा प्लॅस्टिक सर्जनांनी स्पष्ट सांगितले की शेजारचे मांस आणि कातडी फिरवून जखम झाकता येईल, पण तंबाखू चालू असताना ते रोपण जगेल याची खात्री देता येत नाही. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर जखम पक्की भरेपर्यंत विडी पूर्ण बंद हवी. कारणही त्यांनी फोड करून सांगितले. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे सतत दाबाखाली असलेल्या त्या जागेला रक्त मुळात कमी पोचते आणि जे पोचते त्यातही प्राणवायू अपुरा असतो. हे मला त्याआधी कोणी सांगितले नव्हते. फुप्फुसाचे आणि तोंडाचे चित्र पाकिटावर रोज दिसत होते. माझ्या बैठकीवरच्या जखमेचा विडीशी संबंध आहे हे त्या चित्रावरून कळण्यासारखे नव्हते.

मला जे उपयोगी पडले ते सांगतो. व्हीलचेअरवर बसणाऱ्याने दर पंधरा-तीस मिनिटांनी बैठकीवरचा दाब काढायचा असतो. पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यायची आणि दीड-दोन मिनिटे तसेच राहायचे. तलफेची लाटही काही मिनिटांचीच असते. मी दोन्हींची सांगड घातली. तलफ आली की पुढे वाकायचे आणि हळूहळू श्वास सोडायचा. विडीचा हात रिकामा राहत नाही, कारण तो चाकाच्या रिमला धरलेला असतो. पूर्वी दाब काढायची आठवण राहत नसे. विडी सोडण्याच्या दिवसांत ती आपोआप राहू लागली.

सगळ्यांना विनंती आहे की या धाग्यात धूम्रपान वाईट हे सिद्ध करत बसू नये. आपापल्या शरीराने सोडताना काय अडले आणि काय चालले, ते लिहावे.

तीनचाकी

भीमाकाठ, धागा काढलात ते फार चांगले केलेत. मी कोल्हापूरचा. लहानपणीच्या पोलिओने उजवा पाय गेला, तेव्हापासून कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबडी. बाहेर जायला मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर.

माझ्या बाबतीत दोन अडचणी आल्या, आणि दोन्हींविषयी कोणी सावध केले नव्हते. पहिली वजनाची. सिगरेट सोडल्यावर बहुतेकांचे वजन वाढते, सरासरी चार-पाच किलो. धडधाकट माणसाचा त्यात पट्टा एक भोक पुढे जातो. माझा मांडीचा कॅलिपर घट्ट झाला, कातडे सोलवटू लागले, आणि वाढलेला सगळा भार कुबडीच्या खांद्यावर आला. पोलिओ होऊन तीस-चाळीस वर्षे लोटल्यावर ज्या स्नायूंनी इतकी वर्षे भार वाहिला तेही थकू लागतात, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना आता जाणवते आहे. त्यामुळे माझे सांगणे असे की सोडण्याच्या तारखेआधीच खाण्याचा विचार करून ठेवावा. तोंडात टाकायला गोळ्या-बिस्किटे न ठेवता लवंग, बडीशेप, फुटाणे, काकडीचे काप असे काही ठेवावे, आणि कॅलिपर किंवा जयपूर फूट वापरणाऱ्याने पहिले काही महिने कातडी रोज आरशात पाहावी.

दुसरी अडचण माझ्या मते जास्त मोठी आहे, म्हणून ती जरा विस्ताराने लिहितो. आमच्या पेठेच्या तोंडाशी एक टपरी आहे. तिथे पायरी चढावी लागत नाही. स्कूटर थेट फळीला लावायची, वरूनच चहा घ्यायचा आणि सिगरेट पेटवायची. गावातल्या वाचनालयाला आठ पायऱ्या आहेत, तालमीचा कट्टा उंच आहे, देवळात बूट-कॅलिपर काढण्याचा प्रश्न येतो. ज्या ठिकाणी मी कोणाच्या मदतीशिवाय जाऊन चारचौघांत बसू शकतो अशी ती एकच जागा, आणि सल्ला देणारे म्हणतात की ती जागा टाळा. टाळली असती तर सिगरेटबरोबर माणसेही सुटली असती. मी टपरी टाळली नाही. चहावाल्यालाच सांगून ठेवले की माझा चहा आल्याचा आणि माझ्यासमोर पाकीट ठेवायचे नाही. मित्रांना सांगितले की तुम्ही ओढा, पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा. पहिले पंधरा दिवस कठीण गेले हे खरे आहे. पण दारात बसून एकट्याने सोडणे मला त्याहून कठीण गेले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

रानजाई

मी अपंग नाही, माझे यजमान आहेत. तरी लिहिले तर चालेल असे धरून लिहिते. अपघातात त्यांच्या मानेच्या पाचव्या मणक्याला इजा झाली. खांदे आणि कोपर थोडे हलतात, बोटे नाहीत. त्यांची सिगरेट मीच पेटवते, मीच ओठांपाशी धरते आणि राखही मीच झाडते. सासूबाई म्हणतात, तुझ्याच हातात आहे ना सगळे, मग देऊ नकोस, आपोआप सुटेल. डॉक्टरही जवळपास तेच म्हणाले.

मी दिली नाही तर ते काही करू शकणार नाहीत, आणि नेमके म्हणूनच मला ते करवत नाही. दुसरीकडे रात्री त्यांच्या छातीत कफ घुरघुरतो, खोकला वर येत नाही, तेव्हा मी दिवसभर हाताने काय भरवले ते मला आठवते. अशा वेळी घरच्या माणसाने काय करावे?

सह्यवाट

रानजाईताई, माझा धाकटा भाऊ कण्याच्या इजेमुळे गेली काही वर्षे अंथरुणाला आहे, म्हणून मनापासून लिहितो. राग मानू नये. आमच्या घरी ठरलेले आहे की त्याला हवी तेव्हा सिगरेट द्यायची. त्याचे खेळणे गेले, नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले. भेटायला येणारे मित्र सिगरेटच्या निमित्ताने दहा मिनिटे टेकतात. एवढे एक सुख त्याच्यापाशी उरलेले आहे आणि तेही काढून घ्यायला मी धजत नाही. आयुष्य चार वर्षांनी वाढावे म्हणून आजचा दिवस कोरडा करावा का, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

खिडकीपाशी

हा मजकूर मी फोनला बोलून लिहवून घेतो आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्यावे. माझी इजा मानेच्या सहाव्या मणक्याची. मनगट उचलता येते, बोटे स्वतःहून मिटत नाहीत. मनगट वर केले की ती आपोआप थोडी आकसतात आणि त्या फटीत वस्तू धरता येते. सिगरेट मी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात अडकवत असे. त्या बाजूला मला स्पर्श कळत नाही. थोटूक कातडीपर्यंत जळत येई आणि मला पत्ता वास आल्यावर लागे. मांडीवर ठिणगी पडून लुंगीला पडलेले भोक संध्याकाळी आई दाखवी आणि लुंगी बाजूला केली की खाली टपोरा फोड आलेला असे. भीमाकाठ यांनी जखमेविषयी लिहिलेच आहे. भाजण्याविषयी मी एवढेच जोडतो की ज्याला संवेदना नाही त्याने गादीवर आडवे असताना कधीही ओढू नये, आणि ओढणाराच असेल तर शेजारी माणूस हवा.

आता रानजाईताई आणि सह्यवाट, दोघांनाही.

मी कधी उठायचे, कधी अंघोळ करायची, कुशीवर कधी वळायचे, हे सगळे दुसऱ्याच्या सवडीने चालते. सिगरेट ही दिवसातली अशी एक गोष्ट होती की मी मागितली आणि मला मिळाली. तिच्यातल्या सुखाचा मोठा भाग धुरात नव्हता, मागितलेले मिळण्यात होता. घरच्यांनी एकदा सल्लामसलत करून पेटवून देणे बंद केले. त्याला सोडणे म्हणत नाहीत. माझ्याकडून ती काढून घेतली गेली होती, आणि काका आले, त्यांना दया आली, की त्याच दिवशी पुन्हा सुरू. त्या काळात मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो. पुढे जेव्हा खरोखर सोडली तेव्हा तारीख मी ठरवली, घरातले सगळे एकत्र बसवून मी सांगितले, आणि मी चिडून मागितली तर काय करायचे तेही मीच आधी सांगून ठेवले: पाच मिनिटे थांबा, मला खिडकीपाशी न्या, त्यानंतरही मागितली तर माझ्याशी बोला. मागितल्यावर द्यायची की नाही हा निर्णय त्यांच्यावर मी टाकला नाही.

ताई, यजमानांना विचारा. तुम्हाला काय वाटते ते आधी न सांगता विचारा, की तुम्हाला सोडायची आहे का. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. मात्र तुमचाही एक हक्क आहे. तोंडाजवळ धरताना तो धूर तुम्हीही घेता. तुम्हाला पेटवायचे नसेल तर नका पेटवू, पण ते स्वतःच्या नावाने सांगा, "मला हा धूर नको आहे" असे. "तुमच्या भल्यासाठी देत नाही" असे म्हणाल तर ते उरलेल्या अवघ्या दिवसावरचा ताबा गेल्यासारखे वाटते.

सह्यवाट, तुमची माया कळते. पण "आता याचे काय उरले आहे, ओढू दे की" हे वाक्य मी माझ्या डोक्यावरून बोलले गेलेले ऐकले आहे, आणि त्यात दुसरे एक वाक्य दडलेले असते: याचे बरे होणे-न होणे आता मोजायचे कारण नाही. तुमच्या शेजारच्या धडधाकट तरुणाला कोणी असे म्हणणार नाही. भावाला पंचवीस-तीस वर्षे काढायची असू शकतात, आणि प्रश्न शेवटच्या चार वर्षांचा नाही. बेडसोर, छातीतला कफ, लघवीचे आजार हे याच वर्षाचे प्रश्न आहेत. लघवीसाठी कायमची नळी असलेल्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका मुळात जास्त असतो आणि धूम्रपानाने तो आणखी वाढतो, हे त्याला कोणी सांगितले आहे का? सांगूनही तो ओढत असेल तर ओढू द्या. न सांगता देत राहणे मला पटत नाही.

स्नायूबंध

मी मिरजेला भौतिकोपचार करते. कण्याची इजा झालेले रुग्ण रोज पाहते, त्यामुळे वरील प्रत्येक मजकुरातले काही ना काही ओळखीचे आहे. काही वैद्यकीय बाबी लिहिते, कारण त्या माहीत नसल्या तर चांगल्या मनाने सोडलेली सिगरेट दहा दिवसांत परत येते. औषधांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

पहिली बाब कफाची. मानेच्या इजेत श्वासपटल बहुतेकदा चालते, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू चालत नाहीत, म्हणून श्वास घेता येतो आणि खोकला मात्र जोरात काढता येत नाही. श्वासनलिकेच्या आतले सूक्ष्म केस धुरामुळे मंदावलेले असतात. सिगरेट बंद झाली की ते पुन्हा कामाला लागतात आणि काही आठवडे कफ उलट जास्त सुटतो. बाकीचे लोक तो खोकून टाकतात. क्वाड्रिप्लेजिक, म्हणजे मानेच्या इजेने हातपाय लुळे पडलेल्या माणसाचा तो आत साठतो, घरचे म्हणतात "सोडल्यापासून छाती जास्तच भरली", आणि पाकीट परत येते. म्हणून सोडण्याच्या आधीच हाताने दाब देऊन खोकला काढून देण्याची पद्धत शिकून घ्यावी. रुग्ण खोकण्याचा प्रयत्न करतो त्याच क्षणी मदतनीसाने बरगड्यांच्या खाली ठेवलेल्या तळव्यांनी आत आणि वर दाबायचे असते. हे वाचून करू नये, भौतिकोपचारकाकडून समोर बसून शिकावे, आणि जेवणानंतर लगेच करू नये. तीन चेंडूंचे फुंकणीसारखे दिसणारे जे स्पायरोमीटर मिळते, त्यात हवा आत ओढायची असते. तलफेच्या वेळी तेच तोंडाला लावणारे माझे रुग्ण आहेत. ताप आला, कफाचा रंग बदलला किंवा धाप लागली तर मात्र हे सिगरेट सोडल्याचे लक्षण समजून घरी थांबू नये.

दुसरी बाब डोकेदुखीची, आणि ही कृपया नीट वाचावी. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना मूत्राशय भरले, नळी मुडपली किंवा शौच अडकले तरी रक्तदाब अचानक खूप चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. निकोटीन बंद केल्यावरही पहिल्या आठवड्यात डोके दुखते आणि चिडचिड होते. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. डोके एकाएकी ठणकू लागले तर आधी बसते करा, पट्टे आणि कपडे सैल करा, नळी तपासा, रक्तदाब मोजा, आणि उतार पडत नसेल तर तातडीने रुग्णालय गाठा.

तिसरी बाब चालू गोळ्यांची. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी अनेकांना टिझॅनिडीन दिलेले असते. सिगरेटच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवते. धूर बंद झाला की तीच गोळी रक्तात जास्त उरते आणि सुस्ती येते, रक्तदाब उतरतो, व्हीलचेअरवर बसवताच चक्कर येते. हा परिणाम धुराचा असतो, निकोटीनचा नव्हे. म्हणून निकोटीन गम घेत असलात तरी तो होतो. कॅफिनचेही असेच आहे. सिगरेट सोडल्यावर आधीइतकाच चहा प्यायला तर छातीत धडधड आणि रात्री जागरण होते, आणि माणूस त्याचे खापर सिगरेट सोडण्यावर फोडतो. चहा निम्म्यावर आणावा.

मदतीच्या औषधांविषयी थोडक्यात. निकोटीन गम सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून गालाच्या आत दाबून ठेवायचा असतो, आणि चहा-कॉफीनंतर लगेच घ्यायचा नसतो. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा जबड्यावर ताबा नाही त्यांच्या घशात तो अडकू शकतो, त्यांनी डॉक्टरांकडे कातडीवर चिकटवायच्या निकोटीन पट्टीविषयी विचारावे. पट्टी संवेदना असलेल्या भागावर, दंडावर किंवा छातीच्या वरच्या बाजूस लावावी आणि जागा रोज बदलावी, म्हणजे कातडी चुरचुरली तर कळते. ब्युप्रोपिऑन हे औषध फिट येणाऱ्यांना देत नाहीत. अपघातात डोक्यालाही मार बसला असेल तर ते आवर्जून सांगावे. व्हॅरेनिक्लिन या सिगरेट सोडण्याच्या दुसऱ्या औषधाची मात्रा मूत्रपिंडे कमजोर असल्यास कमी करावी लागते, आणि कण्याच्या रुग्णांत ती शक्यता नेहमी असते.

उंबराखाली

मी सिन्नर तालुक्यातला. माझे अपंगत्वच तंबाखूतून आलेले आहे, म्हणून वेगळे लिहितो. मला बर्गर रोग आहे. १९०८ साली लिओ बर्गर या डॉक्टरांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते नाव. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, आणि तो बहुतेक तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांना होतो. आमच्याकडे विड्या वळणाऱ्यांची घरे आहेत आणि ओढणाऱ्यांचीही. माझे आधी बोट काळे पडले, मग ते काढले, आणि मी विडी चालू ठेवली म्हणून पुढे गुडघ्याखालून पाय गेला. आता जयपूर फूट आहे.

यात मधला मार्ग नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. तंबाखू पूर्ण सुटली तर पुढचा पाय वाचण्याची शक्यता फार मोठी असते. दिवसाची एक विडीसुद्धा रोग जागा ठेवते. इतरांना उपयोगी पडणारा निकोटीन गम किंवा पट्टीही या रोगात डॉक्टर टाळायला सांगतात, कारण निकोटीननेही रोग धुमसत राहू शकतो. ज्यांचे बोट किंवा पाय अशा कारणाने गेला आहे त्यांनी वरचा गमचा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये.

आणि विडी सोडून तंबाखू-चुना मळायला लागणे म्हणजे सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडे विडी सोडणाऱ्याच्या पुढ्यात चंची सरकवणारे घरोघर आहेत. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मला "धूर नाही ना, मग चालते" म्हणून पुडी देऊ केली होती. माझ्या रोगाला ती चालत नाही, आणि भीमाकाठ यांच्यासारख्या जखमेलाही चालत नाही, कारण निकोटीन तेच.

सह्यवाट

खिडकीपाशी, तुमचे उत्तर मी भावाला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मूत्राशयाचे परत वाचायला सांगितले. सोडतो असे काही म्हणाला नाही. पण आजवर मी त्याला न विचारता त्याच्या वतीने उत्तर देत होतो, हे त्याने मला सांगितले आणि ते मला मान्य आहे. मित्रांचा प्रश्न त्यानेच मांडला: सिगरेट नसेल तर ते येतील का? तीनचाकी यांच्यासारखी टपरी त्याला नाही, आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तीनचाकी

सह्यवाट, मित्रांना आधी सांगून टाकावे. सिगरेटसाठी येणारे दोन कमी होतील, बाकीचे येतील. त्यांना येण्यासाठी दुसरे निमित्त द्या. आमचा एक मित्र असाच घरी असतो, त्याच्याकडे रविवारी कॅरम असतो आणि त्याच्या वतीने स्ट्रायकर कोणीतरी मारते, नेम मात्र तो सांगतो. आणखी एक गोष्ट. घरातल्या लहान मुलाला सिगरेट आणायला टपरीवर पाठवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण अंथरुणावरच्या माणसासाठी हवी आहे म्हटल्यावर दुकानदार डोळेझाक करतात. मुलाला त्या वाटेवर आपणच पहिल्यांदा धाडतो.

रानजाई

सर्वांचे आभार. मी यजमानांना विचारले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की दिवसातली जेवणानंतरची ठेवू, बाकीच्या बंद करू, आणि महिन्याने ती पण बघू. मी पूर्ण बंदची अपेक्षा धरली नव्हती. सकाळची मात्र त्यांना सोडवत नाही, कारण चहा आणि सिगरेट झाल्याशिवाय शौचाला होत नाही असे ते म्हणतात. हे खरे असते का?

दुसरे, जवळच्या एका रुग्णालयात व्यसनमुक्तीचा बाह्यरुग्ण विभाग आहे, पण तो पहिल्या मजल्यावर, उद्वाहन बंद, आणि रुग्णाला घेऊनच या असे सांगितले गेले.

स्नायूबंध

ताई, शौचाचे खरे असते. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद केल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. कण्याच्या रुग्णाचे शौचाचे वेळापत्रक मुळातच नाजूक असते आणि ते अडकले तर वर लिहिलेला रक्तदाबाचा धोका उभा राहतो. म्हणून सकाळची सिगरेट शेवटी बंद करायची ठेवली तरी चालेल. तोवर जेवणातले तंतुमय पदार्थ वाढवा, सकाळी कोमट पाणी त्यांच्या ठरलेल्या मापातच द्या, सपोझिटरीची (शौचासाठी गुदद्वारात ठेवायच्या औषधाची) वेळ पक्की ठेवा आणि रेचक लागेल का ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

रुग्णालयाविषयी: दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २५ मध्ये रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य या दोन्हींचा उल्लेख आहे. तेवढे लिहून अधीक्षकांना अर्ज द्या; खालच्या मजल्यावर डॉक्टरांना बोलावून घेणे हे बहुतेक ठिकाणी शक्य असते, फक्त कोणीतरी मागावे लागते. तोवर फोनवर समुपदेशन घेता येईल. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा निःशुल्क आहे, आणि हाच क्रमांक सिगरेटच्या पाकिटावर छापलेला असतो. फोन स्पीकरवर ठेवून यजमानांना स्वतः बोलू द्या. सुरुवातीलाच इजेची पातळी, कॅथेटर आणि चालू गोळ्या यांची माहिती द्यायला सांगा, नाहीतर समुपदेशक त्यांनाही भरपूर पाणी प्यायला आणि फिरायला जायला सांगतील.

भीमाकाठ (धागाकर्ता)

व्यक्तिगत संदेशातून एका सदस्यांनी विचारले आहे की बेडसोरची शस्त्रक्रिया ठरली आहे, विडी सुटत नाही, तर तोवर निकोटीन गम घ्यावा का. उत्तर इथेच देतो, म्हणजे इतरांनाही वाचता येईल. गममध्ये कार्बन मोनॉक्साईड नाही, त्यामुळे तो विडीपेक्षा नक्कीच बरा. पण निकोटीन आहे, आणि काही सर्जन रोपणाच्या आधी तेही नको म्हणतात. माझ्या सर्जनांनी नको सांगितले होते. तुमच्या सर्जनांना आजच विचारा, शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात विचारू नका. त्यांनी गमला हो म्हटले तर तो कधी बंद करायचा ती तारीखही त्याच वेळी लिहून घ्या. विडी चालू असेल तर तसे सांगा, लपवू नका. तारीख पुढे ढकलली गेली तरी चालेल, रोपण एकदा गेले तर त्या जागी पुन्हा फिरवायला कातडी फारशी उरत नाही.